रात्रीच्या गाडीने नागपुरात उतरताना

महोदय,

पोलीस भरतीचे मैदान पहाटे पाचला, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, ओपीडीची रांग सकाळी. म्हणून आमच्या भागातली माणसे आदल्या रात्रीच नागपूर गाठतात. निघताना घरचे म्हणतात, "जपून जा." काय जपायचे आणि कसे, ते कोणी सांगत नाही. फटका बहुधा उतरल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात बसतो, कारण कुठे टेकायचे हे घरून ठरवलेलेच नसते.

गणेशपेठचे बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि बर्डीवरचे (सीताबर्डीवरचे) मोरभवन बसस्थानक एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण रात्री अकरानंतर बर्डीची दुकाने बंद झालेली असतात, आणि खांद्यावर पिशवी घेऊन मान वर करून पाट्या वाचणारा माणूस दुरूनच ओळखू येतो. मेट्रो दहाच्या सुमारास थांबते. नऊनंतर पोहोचणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. स्टेशनला दोन बाजू आहेत, पश्चिमेची मुख्य आणि पूर्वेची संत्रा मार्केटकडची. न्यायला येणाऱ्याला नुसते 'स्टेशनवर ये' म्हटले की एक इकडे उभा, दुसरा तिकडे. मग फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेने फेऱ्या सुरू होतात आणि नेमका तेव्हाच फोन जातो.

मोटारसायकलवरून मागून येऊन फोन हिसकतात. बोलायचेच असेल तर उघड्या मेडिकल स्टोअरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून बोलावे. खरे नुकसान फोनच्या किमतीपेक्षा पुढे होते. फोन लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. यावर उपाय म्हणजे सिमचा पिन; तो लावला की दुसऱ्या फोनमध्ये पिन टाकल्याशिवाय सिम चालत नाही. सेटिंगमध्ये 'सिम लॉक' शोधा, कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या आणि तो बदलून आपले चार आकडे टाका. हे घरीच करावे. ३ वेळा चुकले की सिम अडकते आणि कंपनीकडून ते उघडण्याचा पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. *#०६# दाबले की आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो आणि घरचे दोन नंबर कागदावर लिहून पाकिटात नव्हे, बंडीच्या चोरखिशात ठेवा. मोठ्या नोटाही तिथेच. वरच्या खिशात दहा-वीस-पन्नासच्या नोटा पुरेत.

फोन गेलाच तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खाते आणि यूपीआय बंद करा, मग सिम, मग पोलिसांत तक्रार. तक्रारीच्या प्रतीवर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरून फोन बंद करता येतो. पैसे निघाले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

स्टेशनवर रात्र काढू म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: १० रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट २ तासच चालते. एसटीने आलेल्याला त्यावर पहाटेपर्यंत बसता येत नाही, दंड होतो. स्टेशनवरच्या मुक्कामाच्या खोलीला (रिटायरिंग रूम) रेल्वेच्या तिकिटाचा पीएनआर लागतो.

ऑटोत बसण्याआधी भाडे ठरवा आणि ते एका माणसाचे की पूर्ण गाडीचे, हेही विचारा. भांडण इथेच होते. नंबरप्लेटचा फोटो चालकाच्या समोरच काढून घरी पाठवावा. लपवून काढण्यात अर्थ नाही, त्याला दिसले पाहिजे. 'तो लॉज भरला, दुसरा दाखवतो' म्हणणारा बहुधा दलाल असतो. लॉजवर स्वतः फोन करून खात्री करा. खोलीत दाराची आतली कडी लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. अनोळखी माणसाने दिलेला चहा-बिस्किट घेऊ नये, हे सगळ्यांना ठाऊक असते; थंडीच्या रात्री विसरायला होते.

११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावल्यावर 'बर्डीत आहे' एवढ्यावर गाडी कुठे येणार? जवळच्या दुकानाच्या पाटीवरचा पत्ता किंवा मेट्रोच्या खांबाचा क्रमांक वाचून सांगा. २०१७ नंतरच्या कीपॅड फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरले तरी हा फोन लागावा, असा नियम आहे. आयाबायांच्या फोनवर कोणते बटण चालते ते निघण्याआधी पाहून ठेवा. आणि चोरी गावी परतल्यावर लक्षात आली तरी आपल्याच ठाण्यात 'झिरो एफआयआर', म्हणजे घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी घेतली जाणारी तक्रार, नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून तशी तरतूद कायद्यातच आहे. 'नागपूरला जा' हे उत्तर ऐकून परत फिरू नये.

प्रशासनाला एवढीच विनंती की भरतीच्या तारखांना मैदानाच्या आवारातच रात्रीपुरता मांडव, दिवा आणि पाणी द्यावे. पहाटे पाचला हजर राहा म्हटल्यावर शंभर कोसांवरचे पोर आदल्या रात्री येणार, हे बोलावणाऱ्याला आधीच कळायला हवे.

– एक वाचक, जि. यवतमाळ