ग्रंथपालांना शिकवायला कोण शिकवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा नव्या संगणकप्रणालीवर आणि डेटाबेसच्या वर्गणीवर येऊन थांबते. विद्यार्थ्यांना संदर्भ शोधायला व पारखायला शिकवणे हा ग्रंथपालाच्या कामाचा मोठा भाग झाला असला, तरी शिकवावे कसे, हा विषय ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांत अनेकदा तोंडी लावण्यापुरताच असतो. पुस्तकांचे वर्गीकरण आणि तालिकीकरण (सूची तयार करणे) पक्के झालेला माणूस भरल्या वर्गासमोर उभा राहतो, तेव्हा एका तासिकेत काय सांगायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय गाळायचे, हे त्याचे त्यालाच उमगावे लागते.

अमेरिकेतील असोसिएशन ऑफ कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज या संघटनेने २००० साली माहिती साक्षरतेची, म्हणजे माहिती शोधून, पारखून वापरण्याच्या क्षमतेची, मानके ठरवली होती. २०१६ मध्ये तिने सहा मूलभूत संकल्पनांचा आराखडा स्वीकारला आणि जुनी मानके मागे घेतली. पुढच्याच वर्षी शिकवणाऱ्या ग्रंथपालाच्या सात भूमिका तिने मांडल्या. त्यांत शिक्षक आणि अध्यापनाची आखणी करणारा यांच्या बरोबरीने आजन्म विद्यार्थी हीही एक आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण शोधाच्या चौकटीत कोणते बटण कुठे आहे हे दाखवणे सोपे असते आणि ‘हा लेख कोणी, कशाच्या आधारे लिहिला?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा करणे अवघड. आता तर विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेतलेली संदर्भसूची घेऊन येतो. नियतकालिक खरे असते, खंडही सापडतो, मात्र त्या पानावर भलताच लेख निघतो. अशा वेळी नुसते ‘हा संदर्भ खोटा आहे’ एवढे सांगून त्याला परत पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे.

हे कौशल्य एका दिवसाच्या कार्यशाळेने येत नाही. तिथून येते ते प्रमाणपत्र, आणि ते फायलीत जाते. त्यापेक्षा दोन ग्रंथपालांनी सत्रभर एकमेकांच्या तासिकांना बसावे, विद्यार्थी नेमके कुठे अडले याची नोंद ठेवावी आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे. विषयशिक्षकांसोबत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील संदर्भसूच्याही वाचाव्यात. आपण शिकवलेले कितपत उतरले, हे वर्गातल्या माना डोलावण्यापेक्षा त्या सूच्यांतून अधिक कळते.

यात अडचण पैशांची कमी आणि वेळेची जास्त आहे. देवघेवीचे टेबल सोडून सहकाऱ्याच्या तासिकेला गेलेला ग्रंथपाल आजही ‘जागेवर नव्हता’ असाच गणला जातो, आणि वार्षिक अहवालात विचारले जाते ते किती तासिका झाल्या, किती विद्यार्थी बसले एवढेच. संस्थाचालकांनी हे निरीक्षणाचे व चर्चेचे तास कामाच्या तासांत धरावेत आणि त्या वेळेपुरती टेबलावर बदली व्यवस्था करावी, एवढीच विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला नम्र,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल