डबा कुणाबरोबर खाता?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

२० मार्च २०२५ला जागतिक आनंद दिन झाला. तेव्हाही जागतिक आनंद अहवालातला एकच आकडा सगळीकडे फिरला : १४७ देशांत भारत ११८वा आणि फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला. त्यावर आपल्या अंकात आलेली पत्रं वाचली. कुणी महागाईला दोष दिला, कुणी मोबाइलला, कुणी पहाटे उठून ध्यान करायला सांगितलं. पण २०२५च्या या अहवालात एक आख्खं प्रकरण जेवणावर आहे, त्याचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता. गेल्या आठवड्यात किती वेळा दुपारचं आणि रात्रीचं जेवण ओळखीच्या माणसांबरोबर केलंत, असं जगभरच्या लोकांना विचारलं गेलं. जे चारचौघांत बसून जेवतात ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी असल्याचं त्यात दिसलं आणि असं एकत्र जेवण्यात दक्षिण आशिया, म्हणजे आपण, फार मागे आहोत. पंगती घालणाऱ्या मुलखात हे वाचून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातल्या एका सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. रक्त, लघवी, मलेरियाच्या काचा असं सगळंच आमच्याकडे येतं, पण माझा जीव लागला तो क्षयरोगाच्या बेडका तपासणीत. हल्ली ट्रूनॅट यंत्र आलंय, गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं, आणि निदान त्यावर पटकन होतं. तरी औषध लागू पडतंय की नाही हे बघायला काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावीच लागते.

या कामाची सुरुवात बोलण्यातून होते. डबी हातात दिली की दहातले सहा-सात जण थुंकी घालून आणतात. थुंकीत जंतू सापडणार कुठून? मग त्यांना घेऊन बाहेर मोकळ्यावर जायचं, आपण वाऱ्याची दिशा बघून थोडं लांब उभं राहायचं आणि सांगायचं, ‘आजोबा, दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्या, रोखून धरा, आता खालून खोकला येऊ द्या.’ म्हातारी माणसं लाजतात. बायका तर फारच, सासऱ्यासमोर खोकायचं कसं म्हणून. त्यांना आडोशाला न्यावं लागतं. चांगला पिवळट, घट्ट बेडका डबीत आला की माझं अर्धं काम झालं.

पुढचं काम हातांचं. बेडक्यातला पिवळा कण काडीनं उचलून काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. वरून कार्बोल फुक्सिन ओतून खालून तापवायचं, वाफ आली पाहिजे पण उकळी फुटता कामा नये. पाच मिनिटांनी धुवायचं, २५ टक्के सल्फ्युरिक आम्लानं रंग उतरवायचा, मग मिथिलिन ब्लू. क्षयाच्या जंतूचं कवच मेणचट असतं, त्यात शिरलेला लाल रंग आम्लानंही सुटत नाही. बाकी सगळं निळं होतं आणि निळ्यावर बारीक लाल काड्या उठून दिसतात. निगेटिव्ह म्हणण्याआधी कमीत कमी शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारे काचेचे भाग, बघायची. डोळे शिणतात, मान धरते. पण काच नीट पसरली गेली असेल, रंग स्वच्छ बसला असेल, तर ती बघताना मला आजही पहिल्या नोकरीइतकाच आनंद होतो. कुणी शाबासकी द्यावी असं त्यात काही नाही. काच चांगली झालीय हे माझं मला कळतं, तेवढं पुरतं.

आमच्या रजिस्टरमध्ये पॉझिटिव्ह निकाल लाल शाईनं लिहायची पद्धत आहे. मागे एक तरुण आला होता, द्राक्षबागेत मजुरीला जाणारा. त्याचं नाव-गाव मी इथे सांगत नाही. बरोबर आई. त्याची काच थ्री प्लस होती, म्हणजे एकेका फील्डमध्ये दहापेक्षा जास्त काड्या. पॅन्ट दोरीनं बांधलेली, इतका वाळला होता. उपचार सुरू झाले आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा डबी घेऊन आला. शंभर फील्ड बघितली, काही नाही. मी शंभराच्या पुढेही बघत राहिले. नंतर दुसऱ्या डबीची काच. तीही स्वच्छ. निळ्या शाईनं ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं. औषधं अजून चार महिने घ्यायचीत, एकही दिवस चुकवायचा नाही, हे पण सांगितलं. आईनं माझे दोन्ही हात धरले आणि बोलली काहीच नाही.

आता डब्याकडे येते.

प्रयोगशाळेत खाणं-पिणं वर्ज्य असतं आणि ते योग्यच आहे. जिथे बेडका हाताळतो तिथे भाकरी कशी सोडणार? म्हणजे तंत्रज्ञाला जेवायला दुसरी जागा लागतेच. आमच्याकडे पूर्वी कर्मचाऱ्यांची एक खोली होती. काही वर्षांपूर्वी तिथे जुन्या नोंदींचे गठ्ठे आले आणि टेबल गेलं. तेव्हापासून जो तो आपापल्या कोपऱ्यात. सिस्टर ड्युटी रूममध्ये उभ्याउभ्या, औषध देणारे भाऊ खिडकी अर्धी लावून, मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर. एका हातात पोळीची सुरळी, दुसऱ्या हातात फोन. भांडण नव्हतं कुणाचं, पण हळूहळू आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलायला लागलो. ‘रिपोर्ट झाला का?’, ‘स्टॉक संपलाय’, ‘साहेबांनी बोलावलंय’. कामं तीच, माणसं तीच, आणि घरी जाताना मात्र उगाच थकल्यासारखं व्हायचं.

मग एक्स-रे डिजिटल झाला. फिल्म धुवायची डार्क रूम रिकामी पडली. एक्स-रेवाल्या दादांनीच विषय काढला, वरिष्ठांना विचारलं, परवानगी मिळाली. आम्ही दोन रविवार घालून ती खोली घासली. फिल्मच्या रसायनाचा वास भिंतीतून जाईना, शेवटी चुना दिला. बंद झरोका उघडला तर मागच्या बाजूचं उंबराचं झाड दिसायला लागलं. कुणी जुनं टेबल आणलं, कुणी माठ ठेवला. मावशींनी नियम केला : दुपारी जो मोकळा असेल त्यानं आत यायचं आणि फोन बाहेर. इमर्जन्सीला ज्याची पाळी असेल तो बाहेर थांबतो, त्याचा वाटा झाकून ठेवतात.

मावशींच्या डब्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी असते. सिस्टर विदर्भातल्या, त्यांचा झुणका तोंडाला घाम आणतो. एका सहकाऱ्याच्या घरचा काळभात, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक तांदळाचा भात, असला की भांडं उघडलं की सगळ्यांच्या माना तिकडे. नवीन आलेला मुलगा मेसचा डबा खायचा, त्याला आता स्वतःचा डबा उघडायची वेळ येत नाही.

आणि त्या द्राक्षबागेतल्या पोराची गोष्ट मला तिथे पूर्ण कळली. मी निगेटिव्ह काचेचं सांगितलं, नाव न घेता, पण त्याच्यावर काम केलेल्या सगळ्यांनी ओळखलं. दादा म्हणाले, ‘हात वर धरायलाही जोर नव्हता त्याला, एक्स-रे काढताना मी मागून आधार दिला होता.’ औषधवाले भाऊ म्हणाले, ‘भातलावणीच्या दिवसांत त्याच्या गोळ्या चुकल्या होत्या, मी आशाताईला फोन लावला, ती चिखलातून वाडीवर गेली गोळ्या घेऊन.’ टीबी सुपरवायझरनं त्याचं बँक खातं उघडून दिलं होतं. पोषणाचे सरकारी पैसे, तेव्हा महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले, ते खात्यात यायला लागले तशी आई शेंगदाणे आणि अंडी आणत होती. मावशींना तर ती आई घरी जाताना एसटी स्टँडवर भेटली होती, पोरगं आता स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागतं म्हणाली. आम्ही सगळे एकाच माणसासाठी राबलो होतो आणि एकेकाला फक्त आपलाच तुकडा माहीत होता. संगणकावर या सगळ्याच्या नोंदी आहेत, तारखांसकट. पण ‘पोरगं भात मागतं’ ही नोंद तिथे नसते आणि मला त्या दिवशी घरी जाताना जो हुरूप होता तो त्या नोंदीचा होता.

म्हणून आनंदासाठी कामाच्या बाहेर कुठेतरी जावं लागतं, या म्हणण्याशी मी सहमत नाही. सुट्टी हवी, सहल हवी, ध्यान ज्याला जमतं त्यानं जरूर करावं. पण दिवसाचे जागेपणीचे निम्मे तास जिथे जातात तिथे कुणी ‘आज डब्यात काय?’ असंही विचारत नसेल, तर रविवारची सहल किती पुरणार? मैत्रीला वेळ काढावा लागतो असं म्हणतात. आमची मैत्री जेवणाच्या सुट्टीत झाली, जी आम्हाला पहिल्यापासून होतीच. नव्हती ती जागा.

कार्यालयांत ताणतणाव व्यवस्थापनाची शिबिरं होतात, मीही एका शिबिराला जाऊन आले. व्याख्याते चांगले बोलले. पण तिथे आम्हाला बॉक्समधलं जेवण दिलं आणि प्रत्येकानं ते आपापल्या खुर्चीवर बसून संपवलं. त्या खर्चात एक टेबल आणि दोन बाकं येतात.

माझी विनंती साधी आहे. डिजिटल एक्स-रे आलेल्या रुग्णालयांत डार्क रूम रिकाम्या पडल्या असतील, त्या अडगळीला देण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारावं. शाळा, बँका, तहसील कचेऱ्या यांनीही नवीन इमारतीचा नकाशा काढताना, जिथे आठ-दहा माणसं एकत्र बसून जेवू शकतील अशी एक खोली त्यात दाखवावी आणि पुढे कागद ठेवायला ती घेऊ नये. खासगी ठिकाणी मालकांनी दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी एकेकट्याला न देता दोन गटांत द्यावी, म्हणजे काउंटरही चालू राहतं.

आणि आपल्या दैनिकाला एक सुचवते. आनंदावरच्या लेखांबरोबर वाचकांनाही विचारा, की कामाच्या ठिकाणी तुम्ही डबा कुठे आणि कुणाबरोबर खाता. पोस्टकार्डावर मावेल एवढं उत्तर पुरे. आमच्या डार्क रूममधून सात-आठ पत्रं नक्की येतील, मावशींचं मी लिहून देईन.

आपली नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. अकोले, जि. अहिल्यानगर