बावटा नसलेल्या दिवशी

नवान, काउंटी मीथ, आयर्लंड
मार्चचा पहिला सोमवार

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

काल फोन मध्येच बंद पडला तो वाऱ्यामुळे. इथली वीज गेली आणि तिच्याबरोबर वायफायही. पण आई, तुझं शेवटचं वाक्य पूर्ण ऐकू आलं होतं. "इतक्या वाऱ्यात त्या घोड्यार बसू नको गो बाय, माझ्या पोटात गोळो येता." मग रात्रभर तेच कानात राहिलं. फोनवर तुझा एक प्रश्न, बाबांचा दुसरा, त्यात मला ड्यूटीवर पळायचं असतं, म्हणून धड उत्तर कधी देताच येत नाही. आज सुट्टी आहे. सगळं नीट लिहिते.

आधी हे सांगते, की काल मी घोडीवर बसलेच नव्हते. तबेल्यात गेले, डेझीला खरारा केला, खूर साफ केले, तिच्या मानेला डोकं टेकवून पाच मिनिटं उभी राहिले आणि घरी आले. मागे झाडं हलताना तुला दिसली, ती मी परत निघाले तेव्हाची.

पण तेवढं सांगून तुझी काळजी जाणार नाही. वारा इथे वर्षभर असतो, बहुतेक वेळा नैऋत्येकडून. वारा आहे म्हणून बसायचं नाही असं ठरवलं, तर बसणंच बंद करावं लागेल. म्हणून मी कसं ठरवते ते तुम्हा दोघांना कळायला हवं.

लाल इशाऱ्याच्या दिवशी काही ठरवावं लागत नाही. 2025 च्या 24 जानेवारीला एओविन वादळ आलं, तेव्हा अख्ख्या देशाला लाल इशारा होता. पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याचा झोत ताशी 180 किलोमीटरच्या वर गेला आणि 1945 सालचा विक्रम मोडला. साडेसात लाखांहून जास्त घरांची वीज गेली. त्या दिवशी कोण घोड्यावर बसणार? बाबा, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की तुम्हीही कुणाला काही विचारत नव्हता. होडी वर ओढायची, जाळी घरात घ्यायची, विषय संपला. कठीण असायचा तो बावटा नसलेला दिवस. आभाळ बरं, दर्या बरा, चार होड्या गेलेल्या, आणि तुम्ही मात्र पहाटे अंगणात उभे राहून खाडीत नांगरलेल्या होड्यांची तोंडं कुठे वळलीत ते बघत बसायचे. आई चहा घेऊन मागे उभी. "वारो कसो आसा?" आणि तुम्ही बराच वेळ काहीच बोलायचे नाहीत.

तसलाच दिवस मला इथे आठवड्यातून दोनदा येतो.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. वाऱ्याचा जोर शून्य ते बारा अशा आकड्यांत सांगायची पद्धत आहे ना, ब्यूफोर्टची, तो फ्रान्सिस ब्यूफोर्ट याच नवान गावात 1774 साली जन्मला. आरमारातला अधिकारी होता. 1805 च्या सुमारास त्याने ही मोजणी स्वतःच्या वहीत लिहायला घेतली, आणि ती सगळी शिडाच्या जहाजावरून. किती वाऱ्यात किती शीड उभारता येतं, किती उतरवावं लागतं, त्यावरून आकडा. जमिनीवरच्या खुणा पुढे इतरांनी बसवल्या. पाच म्हणजे लहान झाडं डोलायला लागतात, ताशी 29 ते 38 किलोमीटर. सहा म्हणजे मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात, छत्री हातात ठरत नाही. सात म्हणजे अख्खी झाडं हलतात आणि वाऱ्याच्या तोंडावर चालणं जड जातं. तुमचं अंगणातलं गणित आणि त्याचं गणित एकच आहे, तुम्ही फक्त आकडा देत नव्हता.

पण हे आकडे सरासरी वाऱ्याचे आहेत. घोडीला त्रास होतो तो झोतांचा. एकसारखा ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर ती दहा मिनिटांत त्याला सरावते. वीसचा वारा आणि मधूनच पंचेचाळीसचा झोत, हा दिवस वाईट. म्हणून सकाळी मोबाइलवर मी आधी झोतांचा आकडा बघते. झोत पन्नासच्या वर असतील तर खोगीर बाहेर काढतच नाही. तीसच्या आत असतील तर बहुतेक वेळा बसते. खरा विचार करावा लागतो तो मधल्या पट्ट्यात, आणि तिथे मोबाइलचा काही उपयोग नाही. तिथे घोडी बघायची.

आई, घोडा वाऱ्याला का बुजतो ते तू विचारलं होतंस. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. दोन्ही कान तो वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो. शांत दिवशी डेझी एक कान माझ्याकडे ठेवते आणि दुसरा कुंपणाकडे, आणि एवढ्यावर तिला सगळ्या शेताची खबर असते. वाऱ्यात ते सगळं मोडतं. आवाज तुटक येतात, कुठून आले ते कळत नाही. वास एकाच बाजूने येतो. आणि प्रत्येक झुडूप हलतं, म्हणजे तिच्या लेखी प्रत्येक झुडुपात काहीतरी आहे. ती चिडत नाही, आडमुठेपणाही करत नाही. तिला खरोखरच कळत नाही, की यातलं कशाला भ्यायचं आणि कशाला नाही.

कुरणात घोडे वाऱ्याकडे पाठ करून, माना खाली घालून उभे राहतात. आपल्या नांगरलेल्या होड्या वाऱ्याकडे तोंड करतात, त्याच्या बरोबर उलट. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाबा, तुमची फार आठवण आली.

आता जे तुमच्यापासून लपवलं होतं ते सांगते. नोव्हेंबरमध्ये मी तुला खांदा अवघडलाय म्हणाले होते, वॉर्डात पेशंट उचलताना लचकला असेल म्हणाले होते. ते खरं नव्हतं. सलग पाच ड्यूट्या झाल्या होत्या, सहावा दिवस मोकळा मिळाला आणि तो वाऱ्याचा निघाला. झोत पंचेचाळीसचे. डेझी आदल्या दिवशीपासून ठाणबंद होती, भरपूर खाल्लेलं, अंगात रग. खोगीर चढवताना ती एका जागी ठरत नव्हती, शेपूट घट्ट दाबून धरलेली, नाकपुड्या फुगलेल्या. हे सगळं मी बघितलं आणि तरी बसले, कारण पुढची सुट्टी आठ दिवसांनी होती. मी वारा बघितलाच नाही, सुट्टी बघितली.

इथे गुरांच्या चाऱ्याचे मोठे गठ्ठे काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. त्यातला एक हातभर तुकडा कुंपणाच्या काट्यांत अडकला होता. आम्ही जवळ गेलो, झोत आला आणि तो तुकडा फाडकन उभा राहिला. डेझी जागच्या जागी अशी गर्रकन फिरली, की माझा एक पाय रिकिबीतून सुटला आणि मी तिच्या मानेवर आडवी झाले. आयाळ मुठीत होती म्हणून पडले नाही. फाटकापर्यंत ती चौखूर उधळली आणि तिथे आपणहून थांबली. तिची कातडी थरथरत होती, मी तिच्यावर तशीच आडवी, आणि आम्हा दोघींचा श्वास लागलेला. खांदा तीन आठवडे दुखला. आई, खोटं बोलले त्याची माफी कर.

त्या रात्री मला फयान आठवलं. 2009 चा नोव्हेंबर. वादळ अकरा तारखेला आलं आणि बाबा, तुम्ही दहाच्या संध्याकाळीच होडी माघारी आणली होती. बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं, खलाशी तयार, आणि तुम्ही अर्ध्या वाटेवरून वळलात, कारण लाटांची लय तुम्हाला पटली नव्हती. आई, तू त्या रात्री बर्फाच्या पैशांवरून बोलली होतीस. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त जेवताना म्हणाले, "आज जावचा नाय असा वाटला." एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण सगळे दार लावून आत बसलो होतो आणि तू बाबांचा हात सोडत नव्हतीस. तेव्हा मला ते नुसतं नशीब वाटलं होतं. आता कळतं, की भरलेला बर्फ डोळ्यांसमोर असताना मागे वळणं किती अवघड असतं. माझा बर्फ म्हणजे माझी सुट्टी.

नोव्हेंबरनंतर माझी रीत बदलली आहे. आधी डेझीला नुसत्या दोराने शेताला एक पूर्ण फेरी मारून आणते. त्या फेरीत ती दोनदा दचकून पुन्हा मान खाली सोडते का ते बघायचं. मान खाली आली, ओठ सैल पडले, एक कान माझ्याकडे वळला, तर बसायचं. मान तशीच वर राहिली तर लांब दोरावर वीस मिनिटं गोल फिरवायचं, दुडकी काढून घ्यायची आणि तिला परत सोडायचं. बसलेच तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परतताना तो पाठीवर घ्यायचा, म्हणजे घराच्या ओढीने ती जोर करते तेव्हा निदान समोरून काही तोंडावर येत नाही. अंगात फडफडणारं काही नको, म्हणून तू पाठवलेली ओढणी मी तिथे घालत नाही, राग मानू नको. फोन माझ्या खिशात, खोगिराच्या पिशवीत नाही. आणि एकटी कधीच नाही. तबेल्याच्या मालकीणबाईंचा म्हातारा घोडा पुढे असला, की डेझी त्याच्याकडे बघून चालते.

गावाबाहेरची गल्ली मात्र वाऱ्यात पूर्ण बंद. तिच्या दोन्ही बाजूंना अॅशची झाडं आहेत आणि या देशात 2012 पासून त्या झाडांना एक बुरशीचा रोग लागला आहे. वरून उभी दिसतात, पण फांद्या आतून ठिसूळ झालेल्या असतात. तिथे घोडी किती शांत आहे याला काही अर्थच नाही.

तू म्हणशील, छपराखालचं रिंगण आहे ना, तिथे बस. मीही आधी तसंच समजत होते. पण त्याचं छप्पर पत्र्याचं आहे. झोत आला की अख्खं छप्पर धडधडतं, आणि आवाज कशाचा हे डेझीला आतून दिसत नाही. मोकळ्या शेतात निदान तिला झाड हलताना दिसतं. बऱ्याच वाऱ्याच्या दिवशी आतल्यापेक्षा बाहेरच बरं असतं. हे मला इथल्या कुणी सांगितलं नाही, डेझीनेच दाखवलं.

चढल्यावर पाच मिनिटांनी उतरावं लागलं तर मी उतरते. काल मालकीणबाई म्हणाल्या, हरकत नाही, पुढच्या आठवड्यात. त्या साठ वर्षं घोड्यांत आहेत, आणि कालच्या वाऱ्यात त्याही बसल्या नाहीत.

बाबा, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आई सांगत होती, की तुम्ही अजून छोटी होडी घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत एकटे जाता. जा, मी अडवणार नाही, तो तुमचा जीव आहे. फक्त दुसरं कुणीतरी बरोबर असू द्या. मी पाळते तेवढंच मागते आहे.

येत्या रविवारी तुमच्या दुपारी बारा वाजता फोन करीन, इथे तेव्हा सकाळचे साडेसहा असतील. आधी खिडकीतून फोन बाहेर धरीन. समोर एक झाड आहे आणि त्याच्यामागे कुरणात घोडे. बाबा, तुम्ही नीट बघून सांगायचं, वारा कसा आहे. मग मी मोबाइलवरचा आकडा वाचीन.

आई, आमसुलं संपत आली आहेत. कुणी येणार असेल तर पाठव.

तुमची,
बाय