टॉवरच्या बातम्यांसोबत वायरलेसच्या संशोधनाचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात नेटवर्क नाही, टॉवर द्या, अशी निवेदनं पेपरात येत असतात आणि यायलाच पाहिजेत, जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला विचारा फोन लावायला कुठल्या टेकावर जावं लागतंय ते. पण टॉवर झाला म्हणजे सगळं झालं असं नसतंय. एकाच हवेतून शंभर फोन बोलायचे म्हणजे कोण कधी बोलणार, कोण थांबणार याचे नियम लागतात, त्यालाच प्रोटोकॉल म्हणतात, आणि यातलं किती काम प्राध्यापक लोकांनी करून ठेवलंय ते आपल्याकडं कुणी सांगतच नाही.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाचे प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन घ्या. बेटं विखुरलेली, टेलिफोन लाईन महाग आणि बेभरवशाची, मग त्यांनी 1971 मध्ये रेडिओवरून दुसऱ्या बेटांवरचे टर्मिनल विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडले, अलोहानेट नाव त्याचं. नियम एवढाच की ज्याच्याकडं माहिती आहे त्यानं सरळ पाठवायची, पोच आली नाही तर कुणाशी तरी टक्कर झाली असं धरायचं आणि थोडा वेळ, प्रत्येकानं वेगवेगळा, थांबून परत पाठवायची. ग्रामसभेत दोघं एकदम बोलले की दोघंही गप्प होतात आणि मग एकजण आधी सुरू करतो, तसंच. यात चॅनेलचा, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक रेडिओ वाटेचा, जास्तीत जास्त 18.4 टक्केच उपयोग होतो, पुढं वेळेचे ठराविक कप्पे पाडले तेव्हा तो दुप्पट, 36.8 टक्के झाला. आजही तुमचा मोबाईल टॉवरला पहिली हाक मारतो ती साधारण याच पद्धतीनं. पन्नास वर्षं झाली बघा की!

आणि आपल्या देशातलंच सांगायचं तर भास्करन रमन आणि कामेश्वरी चेब्रोलू, आयआयटी कानपूरला असताना त्यांनी खेड्यांसाठी लांब पल्ल्याच्या वायफायवर काम केलं. वायफाय मुळात घरातलं. सिग्नलला 20 किलोमीटर जाऊन परत यायला 130 मायक्रोसेकंदांच्या वर लागतात, तोपर्यंत नेहमीच्या वायफायचा पोच बघायचा वेळ संपलेला असतो, मग ते तीच माहिती परत परत पाठवत बसतंय. शिवाय एकाच खांबावर दोन-तीन अँटेना असल्या की एक बोलायला लागली की दुसरीला ऐकूच येत नाही. यावर त्यांनी 2005 मध्ये जो प्रोटोकॉल मांडला त्यात खांबावरच्या सगळ्या अँटेना एकदम पाठवतात आणि मग सगळ्या एकदम ऐकतात. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण डोंगरापल्याडच्या वाडीला डोळ्यासमोर ठेवून असा विचार करणारे कमीच.

आता आपलं बघा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात, इंजिनिअरिंगची कॉलेजं बेळगावात, आणि तासाभराच्या अंतरावर भीमगडचं जंगल, आमगाव, गवाळी, तळेवाडी. वायरलेसवर प्रोजेक्ट करणारी मुलं बहुतेक सगळं सिम्युलेटरवरच, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नकली नेटवर्कवरच करतात, हे मी जवळून बघितलंय, आणि मुलांचा दोष नाही यात, मार्क तेवढ्यावरच मिळतात. पण ओल्या पानांतून वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल किती गळतो, लाईट गेल्यावर मधला खांब बंद पडला तर माहिती कुठल्या वाटेनं जाणार, हे कणकुंबीच्या पावसातच कळणार ना. कमी बँडविड्थचे, म्हणजे थोडीथोडीच माहिती पाठवणारे सेन्सर लावून मलप्रभा नदीच्या पाण्याची पातळी कळवता आली तरी खालच्या गावांना केवढा उपयोग आहे.

म्हणून विनंती अशी, की बेळगावच्या कॉलेजांत वायरलेसवर कोण काय संशोधन करतंय ते सोप्या मराठीत छापत चला, आमची पोरं वाचतील, त्या प्राध्यापकांना पण कळेल की गावाकडं कुणीतरी वाट बघतंय. आणि ज्यांना चाचणी घ्यायची असेल त्यांनी मे महिन्यात नको, जुलैत यावं, अँटेनाला आमच्या घरावर जागा देतो, लाईटबिलाचं पण बघू.

आपला,
एक वाचक, जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव