कापसाचा कागद? छे, जवसाचा!

संपादक महोदय,

सिसिलीचा राजा दुसरा रॉजर (राज्याभिषेक पालेर्मो, २५ डिसेंबर ११३०) म्हटला की लोकांना त्याच्या दरबारातल्या अरब भूगोलकार अल्-इद्रिसीचा, दक्षिण वर दाखवणारा नकाशाच आठवतो. आम्हा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखातल्यांना त्याचं कागदपत्रांचं दप्तर जास्त भावतं. ११४५ मध्ये त्यानं ‘कापसाच्या कागदा’वरच्या जुन्या सनदा चर्मपत्रावर उतरवून घेतल्या. नावावर जाऊ नका. तो कागद मुख्यतः लिननच्या, म्हणजे आपल्या जवसाच्याच जातीच्या धाग्याच्या चिंध्यांचा. चिंध्या कुटून लगदा, जाळीवर पातळ थर, वाळल्यावर पिठाची खळ. कागद टिकत नसे, तो घोळ खळीतच! ओल लागली की ती सडते, अन् कागद खाणारी कसरही तिच्यावरच तुटून पडते. तरी रॉजरच्या आईचा ११०९ चा ग्रीक-अरबी कागदी हुकूम अजून शाबूत आहे. रॉजरचा नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं मात्र १२३१ मध्ये सार्वजनिक दस्तांसाठी कागदावर बंदीच घातली.

– इतिहासाचे दोन शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ