गोणपाटाची गोष्ट

नाशिक,
१८ मे

प्रिय अव्या,

आपल्या कॅराव्हॅनमधल्या फ्रिजबद्दल फोनवर तू एका वाक्यात निकाल दिलास, "फ्रिज गेलाय, भंगारात घाल." घालणार नाही. तीन दिवस त्या पेटीपुढे मांडी ठोकून बसलोय. दिवाळीत कॅराव्हॅन तुझ्या ताब्यात येणार, तेव्हा कंटाळा आला तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच. शेवटी एक गोष्ट तुझ्या नावावर निघते.

शुक्रवारी म्हसरूळवरून दिंडोरीला मेहुण्याच्या मळ्यात गेलो. द्राक्षाची एप्रिल छाटणी आटोपलेली, बागेला पाणी चालू. हिने तीन लिटर आमरस, दोन लिटर दूध आणि पोरांसाठी श्रीखंड बांधून दिलेलं. पोचल्यावर मेहुण्याच्या घरातून लांब वायर ओढली, फ्रिज लावला आणि लगेच सगळं आत कोंबलं. शनिवारी सकाळी आत १७ अंश. दूध नासलं. आमरस आंबायच्या आत संपवावा लागला, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

शहरातून एक फ्रिजवाला बोलावला. त्याने पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, "गॅस गेलाय. भरू, साडेचार हजार." मी विचारलं, कॉम्प्रेसर कुठाय तो दाखव. बिचारा शोधत राहिला. यात कॉम्प्रेसर नसतोच रे! सीलबंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, मागच्या पट्ट्यांत निवून पातळ होतो, आत हायड्रोजनमध्ये मिसळत पुन्हा त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून घेते. मग पाण्यात विरघळून परत खाली. १९२२ च्या सुमारास स्वीडनमध्ये फोन प्लॅटन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. विस्तवावर बर्फ करायची अक्कल विशीतल्या पोरांनाच सुचणार. हा गॅस रस्त्यावर कुणी भरून देत नाही. नळी फुटलीच असती तर अमोनियाचा उग्र दर्प आला असता, मागे पिवळे डाग दिसले असते. दोन्ही नव्हतं. फ्रिजवाल्याला चहा पाजून पाठवला.

मग म्हटलं आपणच बघू. आत पंप नाही, सगळं उतारावर वाहतं, म्हणून गाडी आधी सपाट हवी. मळ्यावर काम करणाऱ्या गवंड्याची पाणसळ आणली. बुडबुडा पार एका कडेला! डाव्या चाकाखाली फळी सरकवली. चालत्या गाडीत हिंदकळून निभतं, पण उभी गाडी तासन्‌तास कलती राहिली तर नळ्या कायमच्या बिघडू शकतात, हे लक्षात ठेव. दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढली, चारी बाजूंनी घट्ट. तरी दुपारी १५ अंशांच्या खाली काटा येईना.

आता नळ्यांना खालून उष्णता देणाऱ्या विजेच्या हीटरवर संशय. त्यावर १२५ वॅट लिहिलंय. घरची वीज २३० व्होल्टची, त्याचा वर्ग भागिले १२५, म्हणजे हीटरच्या तारेचा रोध ४२३ ओहम हवा. मल्टिमीटरने ४२८ दाखवले, म्हणजे हीटर धडधाकट. मग सहज फ्रिजच्या प्लगवर व्होल्ट मोजले आणि कपाळावर हात मारला. १८०! शेजारपाजारच्या सगळ्या विहिरींवर मोटारी चालू आणि त्यात आपली बारीक, लांबलचक वायर. व्होल्ट पडले की वॅट त्याच्या वर्गाने पडतात. १२५ वॅटच्या हीटरला जेमतेम ७७ मिळत होते. निम्म्या विस्तवावर भात शिजतो का?

हा फ्रिज विजेऐवजी सिलिंडरच्या गॅसच्या ज्योतीवरही चालतो, म्हणून रात्री विजेचा नाद सोडला आणि तो गॅसवर घेतला. ज्योत निळी, स्वच्छ. पहाटे पाच वाजता आत ६ अंश. नळ्या ठणठणीत असल्याचा याहून मोठा पुरावा नको. मी हिला उठवून सांगितलं. तिने कूस बदलली.

पण रविवारी ऊन चढलं तसा काटा गॅसवरही १२ वर. मागच्या पट्ट्यांची उष्णता बाहेर पडत नसणार, म्हणून शिडी लावून वरची, फ्रिजमागची गरम हवा बाहेर सोडणारी जाळी उघडली. अव्या, गेल्या पावसाळ्यात इगतपुरीला छतातून पाणी येतं म्हणून तू काय केलं होतंस, आठवतंय? अर्धी जाळी भरून गोणपाट. काळं, कडक झालेलं. आणि मी रात्रभर त्याच्या खाली गॅस जाळत होतो. पेटलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय, नाहीतर मेहुण्याने लिहिलं असतं.

गोणपाट काढलं, खालच्या जाळीतली कुंभारमाशीची घरं खरवडली, नाशिकला येऊन एम. जी. रोडवरून कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे आणले आणि वरच्या जाळीच्या आत, हवा वर फेकतील असे बसवले. परवा रात्री घराच्या अंगणात रिकामा फ्रिज लावला. सकाळी ४ अंश. काल भर दुपारी, बाहेर ३९ असताना, ७ च्या वर गेला नाही. फ्रिजची बाजू मात्र सावलीत ठेवली होती.

तू नेशील तेव्हा आदल्या रात्रीच घरच्या विजेवर लाव आणि माल घरच्या फ्रिजमधूनच गार करून ठेव, कोमट काही टाकू नकोस. पाणसळ आणि फळ्या मागच्या बाकड्याखाली आहेत. पंख्यांचं बटण सिंकच्या डाव्या अंगाला. पावसासाठी वरच्या जाळीला पत्र्याची टोपी करून घेतली आहे, तिला हात लावू नकोस.

पंखे, टोपी आणि जाड वायर मिळून १,८४० रुपये झाले. तुझ्या वाट्याचे ९२०. गोणपाटाचा दंड वेगळा, तो वहिनींच्या हातच्या कटाच्या आमटीने भागेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या