पुतळा बारवेकडेही लक्ष द्या

संपादक महोदय,

१२ जानेवारीला सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकून गर्दी परत फिरते. गावातल्या पुतळा बारवेकडे, म्हणजे मूर्ती कोरलेल्या जुन्या पायविहिरीकडे, मात्र क्वचितच कुणी वळतं. मागच्या रविवारी लेकीला घेऊन पायऱ्या उतरलो. एका मूर्तीच्या दंडावर कुणी खडूने नाव लिहिलेलं. लेकीने ओढणीचं टोक भिजवून ते पुसलं. जीव तुटला हो!

२०२४ मध्ये लखुजींच्या समाधीजवळ उत्खननात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. जमिनीत अजून काय काय असेल! लोणारचे पर्यटक इकडेही आणता येतील. तूर्त बारवेपाशी एक माहितीफलक आणि कायमचा राखणदार तरी द्यावा, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, देऊळगावराजा (जि. बुलढाणा)